क्रिएटिनिन ४.१ वरून १.९ वर आले. मग हा आजार जुना की नवा?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

माझे वडील ६१ वर्षांचे असून तुर्भे येथील एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. आम्ही ठाण्यात राहतो. त्यांना १२ वर्षांपासून मधुमेह आणि ७ वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे. जुलैमधील मुसळधार पावसात वंदना डेपोच्या परिसरात ते गुडघाभर पाण्यातून चालत आले. त्यानंतर आठवड्याभराने त्यांना थंडीताप, पोटऱ्यांत ठणका आणि उलट्या-जुलाब सुरू झाले. तीन दिवस त्यांनी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेतल्या. प्रेशरची आणि शुगरची औषधेही नेहमीप्रमाणे चालू होती. चौथ्या दिवशी भरती केले तेव्हा क्रिएटिनिन ३.४ होते, पुढे ते ४.१ पर्यंत चढले आणि घरी सोडताना १.९ होते. डायलिसिस करावे लागले नाही. भरतीच्या दिवशी केलेली लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) तपासणी निगेटिव्ह आली. डिस्चार्ज कार्डावर मूत्रपिंडाच्या अचानक झालेल्या इजेचा ‘टप्पा ३’ लिहिला आहे आणि प्रयोगशाळेच्या शेवटच्या अहवालात किडनीच्या जुनाट आजाराचा ‘टप्पा ३ बी’ छापला आहे. सोसायटीतले लोक म्हणतात की आता डायलिसिस टळणार नाही. एका नातेवाइकांनी किडनी साफ करणारे चूर्ण आणून दिले आहे. हा आजार बरा होणारा आहे की कायमचा? तो कशामुळे झाला? पुढे कोणत्या तपासण्या कराव्यात? मी आणि माझ्या भावानेही तपासून घ्यावे का? दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी केलेले अहवाल आणि सध्याची सर्व कागदपत्रे सोबत पाठवत आहे.

— एक वाचक, ठाणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांना मी प्रत्यक्ष तपासलेले नाही, त्यामुळे पुढील मजकूर हा आपण पाठवलेल्या कागदांवर आधारलेला अभिप्राय आहे, असे समजावे. या कागदांवरून माझे मत असे झाले आहे की बाबांच्या मूत्रपिंडांना जुलैमध्ये अचानक मोठी इजा झाली, ती बऱ्याच अंशी भरून आली आहे, परंतु ही मूत्रपिंडे त्याआधी पूर्णपणे निरोगी होती असे म्हणता येत नाही. या इजेतून कायमचे नुकसान किती राहिले, हे आज कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकणार नाही. आजार सुरू झाल्यापासून तीन महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, ते ठरवता येईल. तोपर्यंत ‘३ बी’ हे लेबल कोणीही त्यांना लावू नये.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून सतत तयार होणारा पदार्थ मूत्रपिंडे रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळणे मंदावले की रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. मात्र एका दिवसाचा आकडा म्हणजे बँकेतली आजची शिल्लक असते. ती कमी दिसली, तर पैसे काल रात्रीत गेले की दहा वर्षांत हळूहळू गेले, हे मागच्या नोंदी पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हणूनच आपण पाठवलेल्या साऱ्या कागदांमध्ये मला सर्वांत मोलाचा वाटला तो मोतीबिंदूच्या वेळचा दोन वर्षांपूर्वीचा अहवाल. त्यात क्रिएटिनिन १.३ आहे. म्हणजे भरती होताना जे ३.४ आढळले, त्यातील फार मोठा भाग नवा होता आणि उतरण्याजोगा होता. घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर असे जुने अहवाल रद्दीत न टाकता जपून ठेवावेत, हे मी प्रत्येक कुटुंबाला आवर्जून सांगतो; अनेकदा एवढ्या एका कागदामुळे रुग्णाची बायोप्सी, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे, टळते.

आता दोन ‘टप्पा ३’ विषयी. या दोन स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. अचानक झालेल्या इजेची तीव्रता मूळ क्रिएटिनिन किती पटींनी वाढले यावरून तीन पायऱ्यांत मोजली जाते. ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमची वाढ, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट वाढ, किंवा सहा तास लघवीचे प्रमाण दर किलो वजनामागे ताशी अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी राहणे, यांपैकी एक जरी घडले तरी अचानक इजा झाली असे म्हणतात. आकडा तिपटीवर गेला किंवा ४ पर्यंत पोहोचला की ती तिसरी पायरी होते. बाबांचे १.३ वरून ४.१ झाले, म्हणून डिस्चार्ज कार्डावरील नोंद बरोबर आहे. जुनाट आजाराची मोजपट्टी वेगळी आहे. तिच्यात गाळण्याच्या वेगानुसार (मिनिटाला किती मिलिलिटर) पाच टप्पे असून तिसऱ्याचे अ आणि ब असे दोन भाग केलेले आहेत: ४५ ते ५९ म्हणजे ३ ए, ३० ते ४४ म्हणजे ३ बी, आणि १५ च्या खाली पाचवा. ही मोजपट्टी लावण्याची पहिली अट अशी आहे की दोष तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असला पाहिजे. बाबांच्या आजाराला अजून महिनाही झालेला नाही.

प्रयोगशाळेने तसे का छापले, याचे कारण साधे आहे. संगणक वय, लिंग आणि क्रिएटिनिन घेऊन सूत्राने ईजीएफआर, म्हणजे गाळण्याचा अंदाजित वेग, काढतो आणि त्यासमोरचा टप्पा आपोआप छापतो. २०२१ च्या सुधारित सूत्राने ६१ वर्षांच्या पुरुषाला १.९ वर सुमारे ४० हा वेग येतो, म्हणून ३ बी. पण हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर आहे असे गृहीत धरते. आकडा रोज चढत किंवा उतरत असताना त्यातून निघणारा वेग विश्वासार्ह नसतो. मूत्रपिंडांचे काम अचानक जवळजवळ थांबले, तरी पहिल्या दिवशी क्रिएटिनिन थोडेच वाढलेले दिसते आणि सूत्र खोटा दिलासा देते. काम पूर्ववत होऊ लागले, तरी साचलेले क्रिएटिनिन बाहेर पडायला काही दिवस लागतात आणि सूत्र खोटी भीती घालते. रुग्णालयातल्या त्या दिवसांच्या अहवालांवर छापलेले ईजीएफआर आपण सरळ बाजूला ठेवावेत.

आता कारणांकडे येतो. अचानक इजा होण्याच्या तीन वाटा मानल्या जातात: मूत्रपिंडाकडे पुरेसे रक्त न पोहोचणे, मूत्रपिंडाच्या आतील भागालाच इजा होणे, आणि लघवी बाहेर जाण्याच्या मार्गात अडथळा येणे. तिसरी वाट आपल्या बाबतीत लगेच बाजूला करता येते, कारण सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांना सूज नाही, खडा नाही आणि लघवी करून आल्यावर मूत्राशय पुरेसे रिकामे झालेले दिसते. साठी ओलांडलेल्या पुरुषात प्रोस्टेटची वाढ हे सहज दुरुस्त होणारे कारण असू शकते, म्हणून ही तपासणी पहिल्या दिवशीच होणे आवश्यक असते, आणि ती झालेली आहे.

पहिली वाट मात्र बाबांच्या बाबतीत पुरती उघडी होती. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी आणि क्षार गेले, तापाने त्यात भर घातली. अशा वेळी मूत्रपिंड स्वतःचा बचाव दोन प्रकारे करते: गाळणीकडे रक्त आणणारी सूक्ष्म वाहिनी रुंद ठेवते आणि गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी आवळून आतला दाब टिकवते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके पहिली वाहिनी रुंद ठेवणारी रसायने तयारच होऊ देत नाहीत. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे. ते दुसरी वाहिनी सैल करते. त्याच गोळीत लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइडही आहे, म्हणजे आधीच कमी झालेले पाणी आणखी कमी होत राहिले. यांतील कोणतेही औषध वाईट नाही. टेल्मिसार्टन तर मधुमेही रुग्णाच्या मूत्रपिंडाचे दीर्घकाळ रक्षण करणारे औषध आहे. परंतु शरीर कोरडे पडलेले असताना ही तिन्ही एकत्र पोटात गेली, तर मूत्रपिंडाचे दोन्ही बचाव एकाच वेळी निकामी होतात. माझ्या मते बाबांच्या आजारात हा भाग सर्वांत मोठा होता, आणि टाळता येण्याजोगाही हाच होता. तापात अंग दुखत असेल, तर पॅरासिटामॉल योग्य मात्रेत पुरते. मेडिकलच्या काउंटरवर नुसते ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हटले की पुष्कळदा डायक्लोफेनॅकच हाती पडते, हे आपल्याकडचे जुने दुखणे आहे.

दुसरी वाटही नाकारता येत नाही. साचलेल्या पाण्यातून चालणे, त्यानंतर आठवड्याभराने थंडीताप आणि पोटऱ्यांचा ठणका, हे वर्णन लेप्टोस्पायरोसिसशी इतके जुळते की भरतीच्या दिवशीची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून मी तो विषय बंद करणार नाही. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. लक्षणे सहसा ५ ते १४ दिवसांत दिसतात. रक्तात जंतूंविरुद्धची जी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) शोधली जातात, ती पहिल्या आठवड्यात पुष्कळदा तयारच झालेली नसतात. बाबांची तपासणी तापाच्या चौथ्या दिवशी झाली. ती आठवड्याभराने पुन्हा केली असती, तर अधिक सांगता आले असते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात या आजाराची मोठी साथ आली होती, त्यामुळे ठाणे, कळवा, मुंब्रा किंवा नवी मुंबईतील डॉक्टर पावसाळ्यात त्याची शंका आधीच घेतात. बाबांना पहिल्या दिवसापासून योग्य प्रतिजैविक दिल्याचे कार्डावर दिसते, ते त्यामुळेच असावे. या आजारात मूत्रपिंडाच्या नलिकांना सूज येते, आणि अनेकदा लघवीचे प्रमाण कमी न होताच क्रिएटिनिन वाढत जाते. म्हणून ‘लघवी तर व्यवस्थित होत होती’ या गोष्टीवर घरच्यांनी विसंबू नये. मलेरिया आणि डेंग्यूतही मूत्रपिंडांना इजा होते. बाबांच्या या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आहेत.

या दोन वाटांचा हिस्सा नेमका किती, हे लघवीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीतून बरेच समजते. रक्तपुरवठाच कमी पडला असेल, तर लघवीत सहसा काही विशेष दिसत नाही आणि सलाईन दिल्यावर दोन-तीन दिवसांत आकडा उतरू लागतो. नलिकांच्या पेशी मेल्या असतील, तर तपकिरी, मातकट रंगाचे साचे (नलिकांत घट्ट होऊन लघवीवाटे बाहेर पडणारे सूक्ष्म तुकडे) दिसतात आणि सुधारणा एक ते तीन आठवडे चालते. रक्तपेशींचे साचे आणि भरपूर प्रथिने दिसली, तर गाळण्यांचीच सूज आहे असे समजून तातडीने वेगळा तपास करावा लागतो. बाबांच्या अहवालात मातकट साचे नोंदवलेले आहेत आणि सलाईन सुरू असतानाही क्रिएटिनिन तिसऱ्या दिवसापर्यंत वाढत गेले. म्हणजे रक्तपुरवठा कमी पडण्यापासून सुरू झालेली गोष्ट नलिकांच्या इजेपर्यंत पोहोचली होती. अशा नलिका पुन्हा भरून येऊ शकतात, १.९ हा बहुधा वाटेतला आकडा असावा.

आता त्या जुन्या अहवालाची दुसरी बाजू. १.३ या आकड्यावरून त्या वेळचा ईजीएफआर साधारण ६३ येतो, जो साठच्या वर असल्याने कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. पण त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लघवीच्या साध्या तपासणीत ‘प्रोटीन १+’ असे लिहिलेले आहे. दहा वर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या लघवीत प्रथिन आढळले, तर त्याचा पाठपुरावा व्हायलाच हवा होता. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात गाळण्याचा वेग हा अर्धाच भाग असतो. वेग चांगला असूनही लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन सतत तीन महिन्यांहून अधिक काळ जात असेल, तरी तो जुनाट आजारच ठरतो. शिवाय गाळण्याची जवळजवळ निम्मी क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहू शकते. त्यामुळे मधुमेही रुग्णाने केवळ क्रिएटिनिन करून निर्धास्त राहणे मला कधीच पटलेले नाही.

जुनाट आजाराच्या कारणांत आपल्या देशात मधुमेह सर्वांत पुढे आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत ५२ हजारांहून अधिक रुग्ण होते आणि त्यांतील ३१ टक्क्यांमध्ये मधुमेह हे कारण होते. १३ टक्क्यांमध्ये उच्च रक्तदाब, १४ टक्क्यांमध्ये गाळण्यांची जुनी सूज, आणि १६ टक्क्यांमध्ये कारणच सापडले नव्हते. याखेरीज आनुवंशिक गाठींची मूत्रपिंडे, वारंवार होणारे खडे आणि जंतुसंसर्ग, वर्षानुवर्षे रोज घेतलेली वेदनाशामके, ही कारणे आहेतच. बाबांच्या बाबतीत मधुमेहाचीच शक्यता अधिक आहे, पण ती गृहीत धरू नये. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडले असेल, तर बहुतेकदा डोळ्याच्या पडद्यावरही त्याच्या खुणा असतात. मोतीबिंदूच्या वेळी पडदा तपासला गेला असेलच. ती नोंद मिळवावी किंवा तपासणी नव्याने करून घ्यावी. पडदा अगदी स्वच्छ असेल आणि लघवीतून प्रथिन मात्र भरपूर जात असेल, किंवा लघवीत रक्तपेशी असतील, तर दुसरे कारण शोधावे लागते आणि तेव्हा बायोप्सीचा प्रश्न येतो. आज तो नाही.

सोनोग्राफीतील मापांविषयी आपण विचारले आहे. उजवे ९.६ आणि डावे ९.८ सेंटिमीटर ही मापे प्रौढांसाठी साधारण मानली जातात. लहान, आक्रसलेली मूत्रपिंडे दिसली असती, तर आजार जुना आहे असे जवळजवळ निश्चित म्हणता आले असते. मात्र उलट निष्कर्ष येथे काढता येत नाही, कारण मधुमेहात आजार जुना असूनही मूत्रपिंडांचा आकार टिकून राहू शकतो. हिमोग्लोबिन १०.८ आहे, तेही जुनाटपणाकडे बोट दाखवते असे म्हटले जाते, पण दहा दिवसांच्या तापानंतर त्यावरून मी काहीच ठरवणार नाही.

पुढे काय करावे? येत्या आठवड्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि लघवीची साधी तपासणी करावी, आणि त्यानंतर दर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन पाहावे, म्हणजे आकडा कोठे स्थिरावतो ते कळेल. शक्यतो प्रयोगशाळा एकच ठेवावी. पद्धत बदलली की ०.१-०.२ चा फरक उगाच चिंता वाढवतो. ऑक्टोबरच्या अखेरीस क्रिएटिनिनबरोबर सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्यावे. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. ३० ते ३०० किंवा त्याहून अधिक असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करावी. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांनीही ते वाढते, म्हणून हीच तपासणी आज करण्यात अर्थ नाही. बाबांचे वजन आजारात पाच किलोंनी उतरले आहे, असे आपण लिहिता. स्नायू घटले की क्रिएटिनिन कमी तयार होते आणि आकडा वास्तवाहून चांगला दिसतो. ऑक्टोबरमध्ये तज्ज्ञांना शंका वाटल्यास सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी उपयोगी पडते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

टेल्मिसार्टन आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन रुग्णालयाने थांबवले ते योग्यच होते, पण ती कायमची बंद झाली असे समजू नये. आकडा स्थिरावला आणि पोटॅशियम ठीक असले, की टेल्मिसार्टन पुन्हा सुरू करण्याविषयी डॉक्टरांना आपण स्वतःहून विचारावे. घाबरून ते वर्षभर बंद राहिले, तर मधुमेही मूत्रपिंडाचे त्यात नुकसानच आहे. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली देत नाहीत आणि ३० ते ४५ मध्ये मात्रा कमी ठेवतात. यापुढे कधी उलट्या-जुलाब लागले आणि पाणीही पोटात टिकत नसेल, तर कोणत्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. आजची औषधांची चिठ्ठी, जुना अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि घरी मोजलेल्या रक्तदाबाची वही घेऊन एकदा नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडतज्ज्ञांना) भेटावे.

ते चूर्ण कृपया देऊ नये. त्यात काय आहे हे डबीवर लिहिलेले नाही, असे आपणच कळवले आहे. काही वनस्पती, आणि जड धातू असलेली काही मिश्रणे, मूत्रपिंडाला थेट विषारी ठरतात. भरून येत असलेल्या नलिकांवर असा प्रयोग करण्याइतकी वाईट वेळ दुसरी नाही. दिवसाला चार-पाच लिटर पाणी पाजूनही मूत्रपिंडे धुऊन निघत नाहीत. तहानेनुसार आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पाणी द्यावे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून रक्तातील पोटॅशियमचा अहवाल येईपर्यंत ते टाळावे. डाळ, अंडे, दूध मात्र एकदम बंद करू नये. अशक्तपणातून उठणाऱ्या माणसाला प्रथिने लागतात.

डायलिसिसविषयी सांगायचे, तर तो निर्णय क्रिएटिनिनच्या आकड्यावर होत नाही. औषधांनी न उतरणारे पोटॅशियम, फुप्फुसांत पाणी साचून लागणारी धाप, रक्तातील वाढलेले आम्ल, किंवा ग्लानी आणि असंबद्ध बोलणे यांवर तो होतो. बाबांना ४.१ असतानाही यांपैकी काही झाले नव्हते. मात्र लघवी एकाएकी कमी झाली, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली, धाप लागली, छातीत धडधड होऊ लागली किंवा ते गुंगीत दिसले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आपल्या स्वतःच्या आणि भावाच्या तपासणीविषयी: जुलैमधील इजा आनुवंशिक नाही आणि सोनोग्राफीत गाठींची मूत्रपिंडेही नाहीत, त्यामुळे तातडीचे काही नाही. परंतु मधुमेह आणि रक्तदाबाची प्रवृत्ती घरात आहे. दोघांनीही वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) तपासावे. यांपैकी एकही बिघडलेले आढळले, तर क्रिएटिनिनसोबत लघवीतील अल्ब्युमिनही त्याच वेळी करून घ्यावे.